संगणक-संवाद : नाम आणि भाव



संगणकशास्त्राच्या आरंभीच आपल्या अनेक मुलामुलींचा परिचय जावा या भाषेशी होतो. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसिद्ध केलेल्या या भाषेची शिस्त कठोर आहे. पहिलाच प्रोग्रॅम कंपायलरकडे सोपवावा आणि चुकांची लांबलचक यादी पडद्यावर उमटावी, हा नवशिक्यांचा नित्याचा अनुभव.

अशा वेळी यादीतील पहिली चूक प्रथम सुधारावी आणि पुन्हा कंपाइल करावे. व्हेरिएबलच्या घोषणेत एक अक्षर चुकले, तर त्याच्या प्रत्येक वापरापाशी ‘हे नाव सापडत नाही’ अशी तक्रार उमटते. घोषणा सुधारताच त्या साऱ्या तक्रारी मिटतात. जावा लहान व मोठी लिपी भिन्न मानते, हेही तपासावे. पब्लिक क्लासचे नाव फाईलच्या नावाशी तंतोतंत जुळावे. महिरपी कंस मिटवायचा राहिल्यास चूक बहुधा शेवटच्या ओळीवर दिसते; उणीव मात्र वर कोठेतरी असते.

हे झाले नियम. संकेत त्याहून निराळे. क्लासचे नाव मोठ्या अक्षराने, मेथड व व्हेरिएबलचे लहान अक्षराने सुरू करावे. स्थिरांक संपूर्ण मोठ्या लिपीत लिहावा. हे संकेत मोडले तरी कंपायलर हरकत घेत नाही. मग ते का पाळावेत?

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप सांगितले आहेत. गुणांचा विचार न करता केवळ व्यवहारासाठी दिलेली संज्ञा म्हणजे नामनिक्षेप. कंपायलरला नाव एवढ्यापुरतेच कळते. औषधाची मात्रा ठरविणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रुग्णाचे वय व वजन यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हटले आणि पुढे त्यांची अदलाबदल झाली, तर दोन्ही संख्याच असल्याने कंपायलर मौन पाळतो. चूक दिसत नाही. मात्रा मात्र चुकते. तेथे ‘वय’ आणि ‘वजन’ अशी अर्थवाही नावे असती, तर प्रोग्रॅम वाचणाऱ्या सहकाऱ्याच्या ती अदलाबदल सहज ध्यानी आली असती.

भाषा समिती हित, मित आणि असंदिग्ध वचनाचा आग्रह धरते. प्रोग्रॅम हेही एक वचनच आहे. ते यंत्रासाठी शुद्ध असावे आणि माणसासाठी असंदिग्ध. कंपायलर पहिली कसोटी घेतो. दुसरी विद्यार्थ्याने स्वतःच घ्यावयाची असते.