चुलीजवळचें भांडें आणि शेतांतील औषध

पेरणीचे दिवस आले म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांत घरोघरीं एकच प्रकार दृष्टीस पडतो. चुलीजवळचें पातेलें ओसरीवर येतें, दुधाची वाटी औषधाचें माप होते आणि आमटीची पळी फवाऱ्याचें पाणी ढवळूं लागते. काम आटोपलें कीं राखेनें घासून तीं भांडीं पुन्हां फळीवर जातात. ही चाल आपण सर्वांनीं सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत अनुभवानें झालें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं सोयाबीनच्या बियाण्यास थायरम चोळण्यासाठीं आम्हीं स्वतःच घरांतील नांव घातलेलें पातेलें उचललें. दर किलोस 3 ग्रॅम हें प्रमाण काटेकोर पाळलें. पातेल्याचा विचार मात्र केला नाहीं. सायंकाळीं त्यांत दूध तापत असतां आमच्या कुटुंबास वास आला. त्यांनीं दूध ओतून दिलें आणि माहेराहून आलेलें तें पातेलें मुकाट्यानें गोठ्यांत नेऊन ठेविलें. नातवंडें तेव्हां पानावर बसलीं होतीं. दोष सर्वस्वी आमचा होता.

कोणी म्हणेल, पूर्वीं असेंच चालत होतें. खरें आहे, परंतु पूर्वीं त्या भांड्यांत शेण, गोमूत्र, गूळ किंवा निंबोळीचा अर्क असे. आजचीं कित्येक औषधें कातडींतूनही अंगांत भिनतात. भांड्याच्या कांठाखालीं किंवा चऱ्यांत राहिलेला अंश डोळ्यांस दिसत नाहीं.

उलट बाजूनें काय घडतें, तें बिहारमधील सारण जिल्ह्यांत 16 जुलै 2013 रोजीं दिसलें. शाळेंतील माध्यान्ह भोजनानें 23 मुलें दगावलीं. अन्नांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें. त्याच्या रिकाम्या डब्यांत खाण्याचें तेल ठेविलें असावें, असें अधिकाऱ्यांनीं त्या वेळीं सांगितलें. भांडें घरांतून शेतांत जावो कीं शेतांतून घरांत येवो, वाट एकच आहे.

शिवाय उसन्या भांड्यानें औषधही बिघडतें. द्राक्षबागाईतदार हें जाणतात. बोर्डो मिश्रणासाठीं 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी लागतें. पण मोरचूद लोखंडी भांड्यांत विरघळविला, तर त्यांतील तांबें लोखंडावर चढून बसतें. भांडेंही जातें आणि औषधही.

उपाय अल्प खर्चाचा आहे. प्लास्टिकची एक बादली, खुणांचें एक माप, एक लांकडी काठी व एक लहान तराजू वेगळा घ्यावा. प्रत्येकावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढावा. हें सामान शेतांतील खोलींत कुलपाखालीं ठेवावें. घराचा उंबरठा त्यास ओलांडूं देऊं नये. औषधाचा रिकामा डबा भोंक पाडून निकामी करावा; धान्यासाठीं किंवा तेलासाठीं कोणासही देऊं नये.

शेताचा सातबारा आपल्या नांवावर असेल. स्वयंपाकघराचा मात्र गृहिणीच्या नांवावर आहे. तेथील वस्तु न विचारतां उचलणें हें अतिक्रमणच होय, आणि या अतिक्रमणाचा दंड घरांतील लेंकरांस भरावा लागतो.