खेळण्यांची ट्रॉली ढकलतं कोण?



सुट्ट्या लागल्या की आपल्या ग्रुपवर पापड-कुरडयांच्या फोटोंच्या जोडीला हल्ली आणखी एक फोटो येतो. तीन मजली, चाकांची ट्रॉली. वरच्या ताटात स्केचपेन आणि खडू, मधल्यात डिंकाच्या बाटल्या, कात्र्या, टिकल्या, खालच्यात माती आणि ठोकळे. शेजारी झाकणाचे पारदर्शक डबे, त्यांवर इंग्रजीत लेबलं. (मूल अजून वाचायला शिकलेलं नाही, पण लेबलं इंग्रजीत.) खाली सगळ्यांचे अंगठे आणि एक ठरलेलं वाक्य: आता आवरणं किती सोपं झालं!

कुणाचं सोपं झालं? आवरणारी बाई तीच राहिली, फक्त तिच्या हाती चाकं आली.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते आणि मग त्यावर भांडते. मुलाच्या खेळण्यांची आणि हस्तकलेच्या सामानाची पेटी मुलाला स्वतः उचलून नेता आली पाहिजे आणि जागेवर परत ठेवता आली पाहिजे. जी त्याला उचलत नाही, ती आई, आजी किंवा कामाच्या मावशी यांच्यासाठीच विकत आणलेली असते.

आधी वजनाचं बघू. मुलांच्या दप्तरावरून आपण किती आरडाओरडा केला! केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात लिहिलंय की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, आणि बालवाडीच्या मुलाला तर दप्तरच नको. पाच वर्षांचं मूल साधारण १७-१८ किलोचं असतं. म्हणजे पावणेदोन किलो झाले. आमच्या नात्यातल्या एका घरी मी ठोकळ्यांनी भरलेला मोठा प्लास्टिकचा डबा सहज म्हणून धान्याच्या काट्यावर ठेवला. सात किलो भरला. त्या डब्याकडे बोट दाखवून पोराला म्हणायचं, "उचल, आणि कपाटात ठेव." तो कसा उचलणार? तो ओढतो, डबा कलंडतो, मग आपण म्हणतो, "राहू दे, तुला नाही जमायचं." शेवटी आपणच वाकतो.

आणि चाकांचं म्हणाल तर आपल्या घरांना उंबरे आहेत. त्याच घरी मुलानं हॉलमधून गॅलरीकडे ट्रॉली ढकलली, पुढचं चाक उंबऱ्याला अडलं आणि वरचं ताट आडवं झालं. मण्यांच्या दोन बरण्या फुटल्या. सोफ्याखालचे मणी पट्टीनं बाहेर काढत त्याची आजी अर्धा तास जमिनीवर बसली होती. आजीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. दोन-तीन किलोच्या ट्रॉलीत आपण दहा किलो माल भरतो, जड वस्तू वर ठेवतो, आणि ती चार वर्षांच्या हातात देतो.

"अहो, घर नीट दिसतं ना!" दिसतं. पण त्या दिसण्याची किंमत कोण भरतं तेही बघा. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या काही कुटुंबांचा अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. ज्या बायकांनी आपलं घर दाखवताना पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत त्याचं वर्णन केलं, त्यांच्या अंगातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवस मावळेपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हे तेवढं ठळक दिसलं नाही. मला हे वाचून नवल वाटलं नाही. पसारा दोघांच्या डोळ्यांसमोर असतो, पण "हे मला उचलायचंय" असं एकीच्याच मनात येतं.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे जागेचा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ट्रॉली दीड फूट बाय सव्वा फूट, म्हणजे जवळजवळ दोन चौरस फूट. तुमच्या फ्लॅटचा भाव चौरस फुटाला ६,००० रुपये धरा. दोन हजारांची ट्रॉली बारा हजारांच्या जागेवर उभी आहे. आपल्या घरातले बहुतेक पुरुष दुकानदार, त्यांना विचारा. नवं रॅक आलं की ते रिकामं राहत नाही, आणि न विकला जाणारा माल नेहमी मागच्या रॅकवर सापडतो. दुकानात त्याला डेड स्टॉक म्हणतात आणि त्यावरून रात्री झोप लागत नाही. घरात त्यालाच आपण "मुलाच्या वस्तू" म्हणतो आणि आणखी एक डबा आणतो.

मुलाला तरी एवढं हवं असतं का? टोलेडो विद्यापीठातला २०१८ चा एक छोटा प्रयोग आहे. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत पंधरा-पंधरा मिनिटं सोडलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. सोळा असताना नुसती इकडून तिकडे. हे आपल्या डोळ्यांनी आपण रोज बघतोच, पण वाढदिवसाच्या भेटी नको म्हणायला जीभ रेटत नाही.

आता आपल्या मंडळात हमखास निघणारा मुद्दा. मागे स्वाध्यायानंतर एक ताई म्हणाल्या, "तत्त्वार्थसूत्रात तर मूर्च्छेला परिग्रह म्हटलंय, वस्तूंच्या संख्येला नाही. मुलाच्या खेळण्यांना कशाला परिग्रहात ओढता?" बरोबर आहे ताई, मूर्च्छाच. पण ती कुणाची ते बघा. मूल आठ दिवसांत खेळणं विसरतं. दोन भाग हरवलेला तो सेट बाहेर काढायची वेळ आली की हात कुणाचा अडतो? "केवढ्याचा आणलाय" हे कोण म्हणतं? शिवाय आपण श्रावक-श्राविका, आपल्याला परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. आधी माप ठरवायचं आणि मग त्यात राहायचं, ठरवलेलं माप ओलांडलं की अतिचार. ट्रॉलीवाल्या पद्धतीत वस्तू आधी येतात आणि माप त्यांच्या मागून वाढत जातं. याला परिमाण कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाच समितींमधली आदाननिक्षेपण समिती आपण पाठशाळेत पाठ केली. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, जीव सांभाळून उचलायची-ठेवायची. ती मुनींसाठी हे खरं, पण आपण आपल्या शक्तीप्रमाणे पाळतोच की. आता पलंगाखाली सरकवलेले ते मोठे डबे आठवा. आषाढ-श्रावणात दमट हवेत पुठ्ठे, रंगीत कागद, पिठाची खळ. दोन महिने कुणी हलवलं नाही की तिथे कसर लागते, झुरळं अंडी घालतात. मग दशलक्षण पर्वाच्या आधी साफसफाई काढायची आणि व्हायची ती हिंसा करायची. लहान पेटी रोज उचलली जाते, तिच्याखालून रोज कुंचा फिरतो, तिथे जीव घर करत नाही. उचलता येणारी वस्तू हवी, या माझ्या हट्टाचं हेही एक कारण. जाता जाता हेही सांगते, तयार हस्तकलेच्या पाकिटांत पिसं, शिंपले, रेशमाचे कोष असतात. डब्यात ओतण्याआधी बघत जा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नवं शास्त्र नव्हे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं तेव्हापासून त्या पद्धतीत फळ्या बुटक्या असतात, एकेक साहित्य एकेका तबकात असतं आणि ते तबक मूल दोन्ही हातांनी धरून चटईवर आणतं. पहिलं जागेवर गेल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला काय केलं? पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. अंगणात भरणाऱ्या शाळेला भिंतभर कपाटं कुठली? न्यायचं, मांडायचं, आवरून परत आणायचं.

मग आणायचं काय? बहुतेक काही आणायला लागत नाही, स्वयंपाकघराच्या माळ्यावर बघा. जुना कडीचा डबा असेल. खडू, पेन्सिली, बोथट टोकाची कात्री आणि डिंक त्यात मावतो, आणि कडी मुलाच्या मुठीत बसते. मणी, बटणं, टिकल्यांना जुना मिसळणाचा डबा घ्या. सात वाट्या, वर घट्ट झाकण. मुलं त्यात रंगांप्रमाणे मणी लावत बसतात आणि तोच एक खेळ होतो. (घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मणी-बटणं अजिबात नकोत, तोंडात जातात.) आपण मंदिरात जाताना तांदूळ, लवंगा, बदामाची डबी नेतो, ती मुलं किती ऐटीत धरतात, आठवतंय ना? "माझी डबी" म्हणतात आणि न सांगता घरी परत आणतात. डबी त्यांच्या हाताच्या मापाची असते म्हणून.

ठोकळ्यांसाठी बटवा शिवा. मांजरपाट किंवा जुनी सुती चादर चार फूट व्यासाची गोल कापायची, कडेनं इंचभर नेफा घालायचा आणि त्यातून जाड नाडी ओवायची. घेर साडेबारा फूट होतो, नाडी चौदा फूट घ्या. कापड पसरलं की त्यावर खेळायचं, खेळ संपला की नाडी ओढायची, ठोकळे आपोआप आत. भरल्यावर काट्यावर ठेवून बघा आणि पावणेदोन किलोच्या वर गेला तर ठोकळे कमी करा. खुंटी मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर ठोका. लहानग्या मुलांच्या घरात मात्र एवढी लांब नाडी नको, गळ्यात अडकायची भीती. तिथे चौकोनी फडकं घ्यायचं आणि चार टोकं बांधून गाठोडं करायचं.

एका मुलाला अशा तीन वस्तू पुरतात. चौथीत घालण्यासारखं काही आलं तर पहिल्या तिघींतून काहीतरी बाहेर जाईल. ते बाहेर जाणारं धड असेल तर अंगणवाडीला किंवा पाठशाळेला द्या. तुटकं दान म्हणून देऊ नका, त्या बाईंना ते टाकायला जायचं काम लागतं.

"अजून लहान आहे हो." अडीच वर्षांचं मूल चेंडू टोपलीत टाकतं आणि टाळ्या मागतं. त्याला जमतं, आपल्यालाच धीर नसतो, कारण त्याला दहा मिनिटं लागतात आणि आपण दोनात उरकतो. सून सातला ऑफिसातून येणार, तिला घर स्वच्छ दिसावं म्हणून सहाला आजी सगळं उचलून ठेवते. माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, हे आपणच करतो. सुनेवर उपकार म्हणून करतो आणि नातवाचं काम काढून घेतो.

आणि नातू असला की बोलूच नका. नातीला आपण म्हणतो, "बाळा, आवर, सासरी काय म्हणतील?" नातवाला म्हणतो, "माझा राजा दमला." त्या २९९ आणि ९७ मधला फरक एका दिवसात पडलेला नाही, तो इथे, चटईवर, ठोकळ्यांच्या ढिगाशेजारी पडतो. आपल्या घरांत संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे पुढची संध्याकाळ इतरांपेक्षा आपल्याला मोकळी मिळते. आरतीला निघण्याआधी दहा मिनिटं राजालाही बटव्याची नाडी ओढू द्या. ठोकळे बाहेर राहिले तर राहू देत, तुम्ही वाकू नका.