जमिनीपासून वीतभर वर

(तृतीय वर्ष, कला)

'बी. ए.च्या विद्यार्थ्याला सुतारकामाची उठाठेव कशाला?' असे कोणी म्हणेल, हे गृहीत धरूनच हा लेख लिहीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. आपल्या मोहोळ तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. पाणी ओसरल्यावर आम्ही काही मित्र एका गावात मदतीला गेलो. धान्य आले होते, कपडे आले होते, ताडपत्र्याही आल्या होत्या. नव्हती ती फक्त कोरडी जमीन! घरात गुडघाभर गाळ, अंगणात चिखल. डोक्यावर ताडपत्री झाली, पण पाठ कुठे टेकायची, असे एका आजीने विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते. तिच्यात तंबूची मेख धरत नाही आणि अंथरूण कोरडे राहत नाही. येथून चाळीसेक किलोमीटरवर पंढरपूर आहे. तेथे आषाढीला ६५ एकरांच्या जागेत दिंड्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. पावसाची सर आली की वारकऱ्यांचे अंथरूण खालून भिजते. उलट पवना धरणासारख्या ठिकाणी हौसेने तंबूत राहायला जाणाऱ्यांसाठी काही जागी तंबूखाली लाकडी चौथरा असतो. चैनीची वस्तू म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र तिची खरी गरज कोणाला आहे, हे आपण विचारले पाहिजे.

ही कल्पना काही परकी नव्हे. ज्वारीच्या रानात पाखरे राखायला आपले वाडवडील माळा घालीत आणि सुगी सरली की सोडून ठेवीत. तमाशाचे फड तर तंबू, कनाती आणि रंगमंच ट्रकात घालून गावोगाव हिंडतात. मग एका कॉलेजला हे का जमू नये?

माझी सूचना साधी आहे. चार फूट चौरस लाकडी चौकटी कराव्यात. प्रत्येकीला बाभळीचे चार पाय असावेत आणि पायांखाली रुंद पाट असावेत, म्हणजे ते मातीत रुतणार नाहीत. वर कडुलिंबाच्या फळ्या ठोकाव्यात. साधे प्लायवूड पाण्याने फुगते. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि वारा खेळतो. चौकटी मात्र खिळ्यांनी जोडू नयेत. वारंवार उपसल्याने खिळ्यांची भोके सैल होतात. तेथे नटबोल्टच हवेत. तंबूचे दोर चौकटीच्या कड्यांनाच बांधावेत आणि वाऱ्याने सारे उचलू नये म्हणून कडेला वाळूची पोती ठेवावीत. एक चौकट दोघांनी उचलावी, एवढीच जड असावी.

अशा चार चौकटी जोडल्या की आठ फूट चौरस जागा होते आणि चार माणसे कोरड्यात निजतात. सोळा चौकटींवर सोळा माणसांची सोय होते. त्याच सोळांना उंच पाय आणि तिरप्या पट्ट्या लावल्या की स्नेहसंमेलनाचा सोळा फूट चौरस रंगमंच तयार! म्हणजे पूर नसेल तेव्हाही लाकूड धूळ खात पडणार नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल. तो खराच आहे. लाकूड स्वस्त नाही, आणि वाळवी लागू नये म्हणून त्याला दरवर्षी तेलपाणी करावे लागेल. शिवाय पाणी चढत असताना हा चौथरा कोणाला वाचवणार नाही. त्याचे काम पाणी उतरल्यावरचे आहे. पण राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली ती श्रमातून शिकण्यासाठीच. सात दिवसांच्या एका शिबिरात गावातील सुताराला मानाने गुरू म्हणून बोलवावे, त्याला त्याची मजुरी द्यावी आणि आपण रंधा हातात धरावा. ज्या हातांनी आपण मानवतेवर निबंध लिहितो, त्या हातांना एकदा कुसळ टोचले तर काय बिघडेल?

त्या आजीच्या प्रश्नाला मला अजून शब्दांत उत्तर देता आलेले नाही. आता ते लाकडात द्यावे असे वाटते. सीनेला पुन्हा पाणी येईल तेव्हा आपल्या कॉलेजच्या गाडीत भाषणे नसावीत, सोळा चौकटी असाव्यात.