परतीची अट आणि परतीची जागा

अमेरिकेस शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पारपत्रावर कोणता शिक्का बसतो, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. वस्तुतः शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा आणि त्या शिक्षणावर हक्क कोणाचा, याचे उत्तर त्या शिक्क्यातच असते. जे-१ हा शैक्षणिक देवघेवीचा व्हिसा. त्यामागे बहुधा एखादी सरकारी योजना वा संस्था उभी असते. एफ-१ हा विद्यार्थ्याचा व्हिसा. त्यासाठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पैसा दाखवावा लागतो.

अहमदपूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी सरकारी खर्चाने वर्षभरासाठी जे-१ वर गेली आणि तेथील विद्यापीठाने तिला पुढे पदवीसाठी प्रवेश देऊ केला, असे धरू. आता तिला एफ-१ हवा. परंतु सरकारी पैशाने गेलेल्यास अमेरिकी कायद्याच्या २१२-ई कलमान्वये दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, आणि ती असेतो तेथे बसून व्हिसा बदलता येत नाही. मायदेशी येऊन, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन एफ-१ मागता येतो. तेवढी वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. अट मात्र पुसली जात नाही. पुढे नोकरीचा एच-१बी व्हिसा वा कायम वास्तव्य मागताना ती पुन्हा आडवी येते.

पैशाचे काय? जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेस गेले आणि मळ्यांत, कारखान्यांत राबून शिकले. एफ-१ वरील विद्यार्थ्याला आज सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. उरते ते कर्ज, आणि कर्जाला तारण लागते. शिवाय परतण्याचा इरादाही अधिकाऱ्यास पटवावा लागतो. ज्याच्या घरी गमावण्यासारखे फारसे नाही, त्याच्या शब्दाला तेथे वजन कमी!

परतीची अट तत्त्वतः अन्यायाची नव्हे. सार्वजनिक पैशाने शिकलेल्याने समाजाचे देणे फेडावे, हे समाजवाद्यांनी तरी मान्य केले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करूनच. १९१७ साली त्यांनी बडोद्यास येऊन शब्द पाळला. बडोद्याने त्यांना राहावयास खोली दिली नाही. पारशी नाव सांगून मिळविलेल्या जागेतूनही त्यांना हुसकून लावण्यात आले. हा प्रसंग ज्या आत्मकथनपर लेखनात आहे, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. कोलंबियात प्रवेश मिळाला, बडोद्यात मिळाला नाही.

अमेरिका आपली अट आपल्या सोयीने सैल करते. मायदेशाला ज्या कौशल्यांची निकड आहे त्यांच्या यादीतून ९ डिसेंबर २०२४ रोजी भारताचे नाव गळले, आणि केवळ त्या यादीमुळे बांधलेले आपले विद्यार्थी मोकळे झाले. सरकारी पैशाने गेलेले व वैद्यकीय प्रशिक्षण घेणारे डॉक्टर बांधलेलेच राहिले. परंतु डॉक्टरांसाठी १९९४ पासून निराळी तरतूद आहे: डॉक्टरांची टंचाई असलेल्या अमेरिकी भागात तीन वर्षे सेवा केली की परतीची अट माफ होऊ शकते. म्हणजे मराठवाड्याच्या खेड्याचे देणे अमेरिकेच्या खेड्यात फेडले जाते, आणि त्याची नोंद आपल्या कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी साऱ्या राज्यात मिळून वर्षाला ७५ जागा आहेत. त्या वाढवून मागाव्यातच. पण परतणाऱ्याच्या जागेची मागणीही तितक्याच जोराने झाली पाहिजे. राज्यातील महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर काम उरकले जाते. अट पाळून अहमदपुरास परतलेल्या त्या मुलीपुढे आज बहुधा तेच काम येईल: तासांवर मोजलेले मानधन, सुटीत तेही बंद, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज.