विहिरीत झिरपणारे खत

शेतात घातलेले सगळेच खत पिकाला लागत नाही. जे लागत नाही, त्यातील बरेचसे पावसाबरोबर जमिनीत झिरपते आणि अखेर आपल्याच विहिरीत उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आढळले. अधिक प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड आहेत. सांडपाणीही याला कारणीभूत आहे. परंतु शेतीचा वाटा नाकारता येणार नाही. असे पाणी तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवते आणि ते उकळूनही शुद्ध होत नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीत त्याचे लवकरच नायट्रेट होते. मातीचे कण आणि नायट्रेट दोन्ही ऋणभारित असल्याने माती त्याला धरून ठेवू शकत नाही. २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदानातून युरिया वगळला गेला. तो स्वस्तच राहिला आणि शेतकऱ्याचा हात सैल सुटला.

मग शेणखत वापरले की प्रश्न सुटला काय? गोवंशावर श्रद्धा असणाऱ्या आपणच याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. चांगल्या कुजलेल्या शेणखतातील नत्र सावकाश सुटते, हे खरे. परंतु भारंभार खत उघड्या रानात टाकले आणि वर जोराचा पाऊस झाला, तर त्याचेही नायट्रेट खालीच जाते. 'कृषिपराशर' या प्राचीन ग्रंथाने माघात उकिरडा उकरण्यापासून पेरणीपर्यंत खताचा क्रम घालून दिला, तो उगाच नव्हे. आपल्या पूर्वजांना खताइतकेच वेळेचेही भान होते.

पिकाची निवडही तितकीच महत्त्वाची. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते हप्त्याहप्त्याने न देता एकदम टाकून वर मोकाट पाणी सोडले, तर मुळांच्या हाती काय उरणार? याउलट ज्वारीत तूर घेण्याची आपली जुनी रीत पाहा. तूर हवेतील नत्र स्वतः मिळवते आणि तिची खोल मुळे खाली निसटणारे नत्रही टिपतात.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील विहिरींचे पाणी तपासून घ्यावे. माती परीक्षणाप्रमाणे खत, पेरणीच्या बेताने शेणखत आणि पिकांत कडधान्य, एवढे व्रत गावाने घेतले तरी पुष्कळ साधेल. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या उदरातील पाणी निर्मळ राखलेच पाहिजे.