खतावणीचे पान आणि परवलीचा शब्द

बँकेतून निवृत्त झालेला माणूस गावात कायमचा राहायला आला, की त्याला कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या हिशेबाला जुंपायचे, असा कोकणात एक अलिखित नियम आहे. त्या नियमाने मी देवगडातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर गेलो. गेल्या पावसाळ्यातल्या सभेत विषय निघाला तो देवघेव संगणकावर नेण्याचा. प्रत्येक सभासदाला खाते द्यायचे. त्याने घरबसल्या यादी पाहावी, पुस्तक राखून ठेवावे, मुदत वाढवून घ्यावी. मुंबईतल्या मुलाने तिथून आईसाठी कादंबरी राखून ठेवावी आणि इथे शेजारच्या पोराने ती घरी नेऊन द्यावी. कल्पना चांगली होती. चहा यायच्या आत ठराव मंजूर व्हायचा, तेवढ्यात कोणीतरी विचारले, "पण पासवर्ड काय ठेवायचो?" दुसऱ्याने लगेच सांगून टाकले, "सगळ्यांची जन्मतारीख. अर्जात आसाच. कोण इसरूचो नाय."

मी हरकत घेतली. देवगडसारख्या गावात जन्मतारीख हे काही गुपित नव्हे. पन्नाशीचे, साठीचे शुभेच्छाफलक आपण चौकात लावतो. यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सायबानू, ही काय ब्यांक आसा? हंय चोरूसारख्या काय आसा?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या प्रश्नाने काही दिवस माझा पाठपुरावा केला, कारण प्रश्न अगदी रास्त आहे. बँकेत पैसे असतात, म्हणून कुलूप. वाचनालयात सभासदाचे असते काय? दोन-चारशे रुपयांची अनामत. ती चोरण्यासाठी कोण कशाला उठून बसेल?

वाचनालयात सभासदाचे जे असते ते त्याच्या खतावणीच्या पानावर असते. आजही अनेक वाचनालयांत ती जाडजूड वही टेबलावर उघडी पडलेली असते. एका सभासदाला एक पान, त्यावर तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परत आल्याची सही. बँकेतल्या माणसाला त्यात वावगे काही दिसू नये. पण मी त्या पानाचा एकदा प्रसाद घेतलेला आहे. २००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी होतो. त्या दिवसांत तिथल्या वाचनालयातून मी फळप्रक्रिया उद्योगावरची दोन पुस्तके लागोपाठ नेली. आठवड्याच्या आत शाखेत एक मोठे ठेवीदार मला विचारते झाले, "साहेब, सोडताय म्हणे? आंब्याचा कारखाना काढताय?" मी बायकोशीही तोवर नीट बोललो नव्हतो.

माझे काही बिघडले नाही. पण त्याच वाचनालयात एक शिक्षिका चार संध्याकाळी कपाटापाशी उभी राहून कायद्याचे एक पुस्तक वाचत असे आणि घरी जाताना हातात एखादे प्रवासवर्णन नेत असे. ते कायद्याचे पुस्तक विवाह आणि पोटगीवरचे होते. पुस्तक नेले असते तर नोंद झाली असती, आणि नोंद कोणी पाहिली असती ते तिला माहीत होते. ज्या गावात डॉक्टरच्या दारातल्या चपला ओळखून कोण आजारी आहे ते सांगितले जाते, त्या गावात कर्करोगावरचे, दारू सोडण्यावरचे, गर्भपातावरचे पुस्तक नावावर लिहून नेणे ही लहान गोष्ट नाही. हंय चोरूसारख्या काय आसा, याचे उत्तर मला त्या शिक्षिकेने पंचवीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

जुन्या ग्रंथपालांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात देवघेवीच्या दोन पद्धती हटकून शिकवत. नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या पत्रावर ते नेणाऱ्याचा क्रमांक लिहिला जाई आणि तो तिथे राही. ब्राऊन पद्धतीत, म्हणजे नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, वाचकाला खिशासारखी तिकिटे मिळत. पुस्तक नेताना त्याचे पत्र त्या खिशात घालून पेटीत ठेवायचे. पुस्तक परत आले की पत्र पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि मागे काहीही नाही. पुस्तक कोणाकडे आहे हे ग्रंथपालाला ठाऊक असे, ते कोणाकडे होते हे मात्र ठाऊक नसे. माझ्या लेखी या साध्या पुठ्ठ्याच्या खिशात वाचकाविषयीचा जो आदर आहे, तो आजच्या कित्येक महागड्या यंत्रणांत नाही.

संगणकाची जात याच्या नेमकी उलट. विसर, असे बजावून सांगितल्याशिवाय तो काही विसरत नाही. वहीतले पान निदान वाळवी खाते.

आपल्याकडे ग्रंथालयांत प्रामुख्याने दोन संगणकप्रणाल्या दिसतात. एक राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय', दुसरी 'कोहा'. ही दुसरी न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाने १९९९मध्ये करवून घेतली. त्यांची जुनी यंत्रणा दोन हजार साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती आणि नवी विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग त्यांनी स्वतःची बनवून घेतली आणि जगाला फुकट देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. या कोहात सभासदाचा पासवर्ड ग्रंथपालालाही वाचता येत नाही. फार तर तो बदलून देता येतो. आणि वाचनाच्या इतिहासाबाबत सभासदाला तीन पर्याय देता येतात: कायम ठेवा, ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे ठेवा, किंवा पुस्तक परत येताच नाव पुसून टाका. ब्राऊनबाईंचा खिसा तिथे आहे. फक्त ही सोय ग्रंथालयाने चालू केली तरच ती वाचकापर्यंत पोचते. म्हणजे कळ आपल्या कार्यकारी मंडळाच्या हातात आहे, आणि आम्ही तिथे जन्मतारखेवर चर्चा करीत होतो.

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द हा सुरेख प्रतिशब्द आहे. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याने विचारायचा आणि आपल्या माणसाने हळूच सांगायचा. विजयदुर्ग ज्या तालुक्यात आहे तिथे तो समजावून सांगायला नको. पण परवलीचा शब्द दरवाजावरच्या पाटीवर लिहून ठेवला तर पहारा कशाला, एवढेही समजले पाहिजे. बँकांत संगणक आले तेव्हा आम्ही नेमके हेच केले. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेले पासवर्ड कळफलकाखाली चिकटवलेले मी पाहिले आहेत. रजेवर असलेल्या अधिकाऱ्याने फोनवरून कारकुनाला पासवर्ड सांगितला, कारण काउंटरवर रांग लागली होती. एकदा तो रजेवरचा अधिकारी मीच होतो. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती आली तेव्हा आंबा१, आंबा२, आंबा३ असे पीक निघाले. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी २००३मध्ये या सक्तीची नियमावली लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये आपल्या त्या सल्ल्यातल्या बऱ्याच भागाचा पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी त्या संस्थेने तो सल्ला बदलला. आपल्याकडे मात्र आंबा४चे पीक चालूच आहे.

वाचनालयाच्या पासवर्डात आणखी एक धोका आहे आणि तो थेट पैशांचा आहे. माणूस फार शब्द लक्षात ठेवत नाही. ज्याला चार आकडे विचारा, तो एटीएमचे चार आकडे घालतो. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला. दरोडेखोरांनी खंडणी मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा सुमारे सहाशे गिगाबाइट माहिती उघड्यावर टाकली. ग्रंथालयाला वाचकांना कळवावे लागले, की इथला पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथला बदला. त्याच महिन्यात टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावरही असाच घाला पडला. तिथे कित्येक आठवडे देवघेव कागदावर चालली आणि परत आलेली लाखो पुस्तके, नोंद करता येईना म्हणून, ट्रेलरांत भरून ठेवावी लागली. दुर्मीळ हस्तलिखितांना कोणी हात लावला नाही. चोरांना हवी होती ती माणसांची माहिती.

देवगडात असे कोणी येईल असे मी म्हणत नाही. इथला धोका साधा आहे. सत्तरी ओलांडलेल्या काकी मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "तूच घाल रे बाबा काय तां." काउंटरवरचा मुलगा भला असतो, तो विचारतो, "काकी, ओटीपी इलो काय? सांगा." गेली कित्येक वर्षे बँका कंठशोष करून सांगताहेत, की ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि गावातली सर्वांत विश्वासाची संस्था आपल्या हाताने ती शिकवण पुसून टाकते. उद्या बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला तर काकींनी तो आणि हा यांत फरक कसा करायचा?

यात आता कायदाही आला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३मध्ये वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. गंमत अशी, की हा कायदा कागदी वहीला लागू नाही. तीच वही संगणकात भरली की लागू होतो. काम संपले की माहिती पुसा, असे तो सांगतो. बँकेची गोष्ट वेगळी. तिथे १९८५च्या नियमांप्रमाणे काही वह्या पाच वर्षे, काही आठ वर्षे जपाव्याच लागत. परत आलेल्या कादंबरीची नोंद तशी वर्षानुवर्षे जपायला वाचनालयाला कोणी सांगितलेले नाही. सुरक्षेतल्या कसुरीसाठी या कायद्यात दंड आहे अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. 'ड' वर्गातल्या ग्रंथालयाच्या सचिवाने हा आकडा वाचून घाबरू नये. त्याच्या अनुदानाचा हप्ता वेळेवर आला तरी त्याला अडीचशे कोटी मिळाल्याचा आनंद होतो. पण १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालये राज्यात आहेत, आणि संगणक देताना त्यांना हे कोणी तरी समजावून सांगायला हवे. ते काम ग्रंथालय संचालनालयाचे आहे.

कायद्याने मुलांचा प्रश्न सोपा केलेला नाही. अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार. ठीक. पण सोळा वर्षांच्या मुलीने काय वाचले याची यादी बापाला दिसावी का? माझे मत नाही असे आहे. संमती देणे म्हणजे यादी तपासणे नव्हे. सभेत या मुद्द्यावर मी एकटा पडलो. एक सद्गृहस्थ म्हणाले, "तुमका मुली नाय, म्हणून बोलतास." मला दोन आहेत, पण ते सांगून वाद मिटला नसता.

उलट बाजूही खरी आहे. आपल्या घरांत एक सभासदत्व आणि पाच वाचक असतात. सुनेने सासूसाठी पुस्तक आणायचे, नातवाने परत करायचे, वाटेत काकाने मधली पन्नास पाने वाचून टाकायची. 'ज्याचे खाते त्यानेच' असा बँकेचा खाक्या इथे आणला तर आजीचे वाचन बंद पडेल. म्हणून मी मांडले ते इतकेच. पुस्तक नेण्या-आणण्याला पासवर्ड लागू नये, कार्ड किंवा ओळखीचा चेहरा पुरे. पासवर्ड फक्त खाते उघडून पाहण्याला. पहिला पासवर्ड, एटीएमचा येत असे तसा, बंद पाकिटात आणि प्रत्येकाला वेगळा. तो सभासदाने घरी जाऊन बदलावा. ज्याला मोबाइल जोडायचा नाही त्याच्यावर सक्ती नको. आणि पुस्तक परत आले, दंड भरला, की नाव पुसले जावे. हे सगळे मंजूर झाले, जन्मतारीख गेली.

अडले ते शेवटच्या मुद्द्यावर. जुन्या खतावण्या एका लोखंडी कपाटात आहेत, चाळीस-पन्नास वर्षांच्या. एका तरुण सभासदाने सुचवले की त्या स्कॅन करून ठेवाव्यात. गावाने काय वाचले त्याचा तो इतिहास आहे. माझ्यातला बँकवाला म्हणाला, नष्ट करा, पंचनामा करून. पण मी कादंबऱ्याही लिहितो. आणीबाणीत देवगडातला कोण काय वाचत होता, पहिली मुलगी शिकायला मुंबईला गेली तिने त्याआधी कुठली पुस्तके नेली होती, हे त्या पानांवर आहे. त्यांतली बरीच माणसे हयात आहेत. मी गप्प राहिलो. तूर्त कपाटाला दोन कुलपे घातली आहेत, बँकेतल्या तिजोरीसारखी. एक किल्ली सचिवांकडे, एक माझ्याकडे. विषय आंब्याचा हंगाम संपल्यावरच्या सभेत पुन्हा येणार आहे. मत कोणत्या बाजूने द्यायचे ते मी अजून ठरवलेले नाही.