‘बोली’ या शब्दाची जखम

मराठी-कोंकणी वादात ‘बोली’ या एका शब्दाने जितकी मने दुखावली, तितकी क्वचितच दुसऱ्या शब्दाने दुखावली असतील, असे आम्हांस वाटते. भाषाशास्त्रात ही वर्गीकरणाची संज्ञा आहे. ऐकणाऱ्याला मात्र ती आपली पायरी दाखवणारी वाटते. ग्रिअर्सनच्या १९०५ च्या खंडाचा आधार घेऊन कोंकणीला मराठीची बोली म्हणणारा शास्त्र सांगतो आहे असे मानतो. समोरच्याला आपली मातृभाषा हिणवली गेल्याचे जाणवते. उलट, गोव्यातील मराठीला ‘परकी’ म्हणताच तेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत लिहिणारा, कीर्तन ऐकणारा व्यथित होतो.

१९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. कोंकणीच्या दर्जाचा प्रश्न कायद्याने सुटला. बोलण्याची रीत सुटली नाही.

फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मराठीत रचले, आणि कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते १६४० मध्ये छापले गेले. एकाच लेखणीला दोन्ही भाषा पेलल्या. तेव्हा वर्गात ‘बोली’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तो वंशावळीच्या अर्थाने की दर्जाच्या अर्थाने, एवढे तरी आपण स्पष्ट करावे. निम्मे भांडण तेथेच मिटेल.